आनंदामावशीले आवतन

मगरींची बाळंतपणं मे महिन्यात असतात हे मले कोणी आधी सांगितलं असतं, तर माझ्या डोक्याचे अर्धे केस आज काळे राहिले असते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं मी. पण मगर शिकवली ती चित्रापुरती. कुठी राहते, काय खाते, संपला धडा. तिची सोय पाहून आपल्याले घरचा कार्यक्रम ठरवावा लागते, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

आता पवनी तालुक्यातल्या रिटायर मास्तरणीचं आणि समुद्राकाठच्या मगरीचं काय घेणंदेणं? तर त्याचं कारण माझी माय, तुळसाबाई, वय ब्याऐंशी, आणि तिची लहानी बहीण आनंदाबाई, वय एकोणऐंशी. दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली, दोन चुलतभावांशी. पन्नास वर्षं एकमेकींच्या आंगणातून जाणंयेणं. मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं. आम्ही पुनर्वसनात आलो. मावशीचा पोरगा कैलाश ओडिशात पारादीपच्या बंदरावर वेल्डर होता, तो तिले घेऊन गेला. त्याले अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बहिणी फोनवर बोलतात. दोघींनाही कमी ऐकू येते, म्हणून दोघी एकाच वेळी बोलतात, आणि खुशीत फोन ठेवतात.

होळीनंतर मायले दम लागायला लागला म्हणून भंडाऱ्याले दाखवलं. डॉक्टरांनी मले बाजूले घेतलं. "हृदय थकलंय बाई. वर्ष काढतील की नाही, सांगता येत नाही. काही इच्छा असेल तर पुरी करा." ऑटोत बसल्यावर मी मायले विचारलं, तुले काही पाहिजे का वो? माय म्हणली, "आनंदाले पाहाचं हाय." तिकडं मावशी कमरेचं हाड मोडून वॉकरवर. तिले इकडं आणणं शक्य नव्हतं.

खरं म्हणजे दोन तिकिटं काढून मायले नेलं असतं तर चार दिवसांचं काम होतं. पण मी पडली मास्तरीण. मास्तरणीले दोन माणसांचं काम जमत नाही, तिले सहल पाहिजे. मी म्हटलं, सगळेच जाऊ. लेकी, सुना, नातू, पणतू. चार पिढ्या एका जागी. इथंच माझी अक्कल चरायले गेली.

माझा भाऊ सुगत भंडाऱ्यात सरकारी ऑफिसात आहे. त्याचा पोरगा अश्विन पुण्याले कम्प्युटरवर बसते. त्यानं पाहून सांगितलं की मावशीच्या गावापासून गाडीनं काही तासांवर भितरकनिका म्हणून राष्ट्रीय उद्यान आहे. खारफुटीचं जंगल, समुद्र, बोट, आणि बसएवढ्या मगरी. लेकरं खूश. तिथंच एक गेस्टहाऊस, चोवीस खाटांचं. आपण तेवीस. मावशी, कैलाश आणि त्याची बायको धरून तेवीस. एक खाट वर उरत होती, तर सुगत म्हणते, त्यावर बॅगा ठेवू. मी ग्रुप काढला, मे महिन्याची तारीख टाकली आणि सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले.

महिनाभर तयारी केली. एप्रिलच्या शेवटी अश्विनचा फोन. "आत्या, मे ते जुलै पार्क बंद असतो. मगरी अंडी घालतात."

"हे तू आता सांगून राहिला?"

"साईटवर खाली बारीक अक्षरात होतं."

मी मायले सांगितलं. मले वाटलं, तिचं तोंड पडन. तर ती म्हणली, "बरोबर हाय त्याहीचं. बाळंतिणीच्या घरी एवढ्या माणसाहीचा बारदाना घेऊन कोण जाते? होऊ दे त्याहीचं नीट." आणि त्यानंतर दर दोनचार दिवसांनी विचारे, "निघाली का वो पिल्लं?"

मग मी ऑगस्ट धरला. ऑगस्टात धानाच्या रोवण्याचं उरलंसुरलं, वरून पाण्याचे दिवस, बोट चालते की नाही भरोसा नाही. ऑक्टोबर धरला तर दीक्षाभूमी, आणि ती सोडून कोणी मगरीकडं जाणार नाही, मीही नाही. नोव्हेंबरात धान कापणी, मग चुरणा म्हणजे मळणी. डिसेंबरात लेकरांच्या परीक्षा. जानेवारी मोकळा दिसला म्हणून मी उडीच मारली, तर अश्विन म्हणते, "आत्या, जानेवारीत काही दिवस बंद असतो. मगरींची मोजणी असते."

सुगत म्हणला, "पाहा. आपली जनगणना दहा वर्षांत होत नाही, मगरींची दरवर्षी."

गेस्टहाऊसचा मॅनेजर बिचारा हिंदीत बोले. चौथ्यांदा तारीख बदलली तेव्हा तो फक्त म्हणला, "मॅडम, आप पहले घर में पूछ लीजिए." मले इतका राग आला, पण त्याचं खरं होतं. मी चाळीस पोरांची सहल एका दिवसात काढणारी बाई, आणि घरच्या तेवीस माणसांची तारीख निघत नव्हती. मधल्या काळात मायचे पाय सुजले, दोनदा सलाईन लागलं. मी फेब्रुवारी धरला. कोणालेही न विचारता धरला.

सप्टेंबरात एक दिवस मी अड्याळच्या बाजारातून आली, तर बाजूची पुष्पाबाई कुंपणापाशी उभी. पुनर्वसनात प्लॉट चिठ्ठीनं निघाले, म्हणून जुन्या गावात दुसऱ्या टोकाले राहणारी पुष्पाबाई आणि तिचा नवरा जागेश्वर इथं आमच्या भिंतीले भिंत लावून आले. मले म्हणली, "मास्तरीणबाई, समुद्रावर थंडी राहते का? सुटर घेऊ का?"

"कोण जाऊन राहिलं समुद्रावर?"

"आम्ही. तुळसाकाकूनं चूलबंद आवतन देल्लं ना."

माझ्या हातातली वांगी खाली पडली नाहीत एवढंच.

आमच्याकडं आवतन द्यायची एक रीत आहे. कार्यक्रम असला की घरोघरी जाऊन, उंबरठ्यापाशी उभं राहून तोंडानं सांगायचं. पत्रिका कितीही चकचकीत छापा, तोंडानं सांगितल्याशिवाय कोणी येत नाही. आणि सांगतानाच फोडून सांगायचं, घरचा एक माणूस या, की चूलबंद या. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. पाळण्यातल्यापासून खाटेवरच्यापर्यंत सगळे जेवायले येतात. आणि एकदा देल्लेलं आवतन परत घेता येत नाही. घेतलं तर सात पिढ्या नावं ठेवतात.

मायनं दुपारभरात काठी टेकत टेकत आमच्या लायनीतल्या चौदा घरी चूलबंद आवतन देल्लं होतं. जिले चार पावलं चालून दम लागते, ती चौदा उंबरठे फिरून आली होती आणि आता खाटेवर पडून मजेत सुपारी कातरून राहिली होती.

"माय, हे लग्न नाही वो. ओडिशाले जाचं आहे. रेल्वेनं."

"मग? रेल्वे का फक्त तुयाच घरच्याहीची हाय?"

"आपल्या घरचा कार्यक्रम आहे हा. खाटा चोवीस आहेत."

माय उठून बसली. "आनंदा का फक्त तुमची मावशी हाय? या लायनीतल्या अर्ध्या लोकाहीची नाळ तिनं कापली. हा जागेश्वर पायाकडून आला होता, दोन दिवस अडला. कोणी ओढला बाहेर? त्याले न सांगता मी आनंदाले पाहाले जाऊ?"

मावशी जुन्या गावची सुईण. माझा जन्मही तिच्याच हातचा. मी सुगतले फोन लावला. तो म्हणला, "ताई, विषय मार्गी लावू." त्याचं हे वाक्य मी तीस वर्षांपासून ऐकून राहिली. अजून एक विषय मार्गी लागला नाही.

मोजले तर झाले ब्याण्णव. जागेश्वर म्हणे, मगर पाहायले एवढं लांब काहून, पण आवतन आहे तर यावंच लागन. पुष्पाबाईले काळजी तिच्या गाभण बकरीची, कारण चूलबंद म्हटल्यावर बकरीजवळ राहीन कोण? जंगल खात्याच्या अर्जात प्रत्येकाचं अर्जदाराशी नातं लिहायचं होतं. तेवीस जणांचं लिहिलं. जागेश्वरच्या नावापुढं मी पंधरा मिनिटं पेन धरून बसली आणि मग लिहिलं, भिंतीले भिंत. अश्विननं तो फोटो पाहून मले हसणारी सहा तोंडं पाठवली. मी त्याले ग्रुपमधून दोन दिवस काढून टाकलं.

मॅनेजरले ब्याण्णव सांगितले तेव्हा त्यानं आकडा पुन्हा एकदा विचारला. मग म्हणला, बाजूच्या शाळेच्या मैदानात तंबू लागतील. म्हणजे तेही जमून राहिलं होतं. आणि तेव्हा कैलाशचा फोन आला.

"ताई, माय येत नाई म्हणते."

"कोणाची माय?"

"माझी. तुमची मावशी."

मी म्हटलं, फोन दे तिले. मावशीचा आवाज शांत होता, आणि आनंदामावशी शांत बोलली की समजायचं, चिडली. "तुमचा कार्यक्रम हाय, तुम्ही करा बाप्पा. पुष्पाचा फोन आला होता, सुटर लागते का म्हणे. पुष्पाले आवतन. जागेश्वरले आवतन. चौदा घरी चूलबंद. मले कोणी सांगितलं?"

"अवो मावशी, तुझ्याचसाठी तर चाललं आहे हे सगळं."

"माझ्यासाठी चाललं हाय, असं मले कोणी सांगितलं?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. कैलाश ग्रुपमध्ये होता. तारखा त्याले माहीत, खाटा त्याले माहीत, मगरींची अंडी त्याले माहीत. पण मावशीले रीतसर कोणी म्हटलंच नव्हतं, की तू ये. प्रत्येकाले वाटलं दुसऱ्यानं सांगितलं असन. मायले वाटलं, आनंदाले काय सांगाचं, ती तर आपलीच हाय. सात महिने मी ब्याण्णव माणसांची यादी केली, आणि जिच्यासाठी केली तिचं आवतनच राहून गेलं. मले माझीच लाज वाटली.

मायनं फोन घेतला. "आनंदा, ये वो. मी सांगून राहिली ना आता."

"फोनवरचं आवतन मी घेत नाई, बाई. तू घेतलं असतं का?"

मायनं नाही घेतलं असतं. तिनं फोन माझ्या हाती देल्ला.

मग सगळ्यांनी अक्कल चालवली. सुगत म्हणला, कैलाश तिथंच आहे, आपल्या वतीनं त्यानं उंबरठ्यावर उभं राहून सांगून द्यावं. कैलाशनं बिचाऱ्यानं तेही केलं. मावशी त्याले म्हणली, "पोटचा पोरगा मायले आवतन देते? मी काय तुझ्या घरी पाहुणी हाय?" अश्विन म्हणला, व्हिडिओ कॉल करू, कैलाशकाका फोन उंबरठ्यापाशी धरतील आणि आजी बोलेल. मावशी त्याले काय म्हणली ते मी लिहीत नाही, पण त्यानंतर त्यानं दोन दिवस स्वतःहूनच ग्रुप सोडला.

नोव्हेंबरच्या शेवटी धान घरात आलं. एका सकाळी माय आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून आंगणात उभी. हातात कापडाची पिशवी.

"चल."

"कुठी?"

"आनंदाच्या उंबरठ्यावर."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. माय म्हणली, "त्याले बी चूलबंद आवतन देऊन दे." सुगतनं ऑफिसातून पळत येऊन हात जोडले, तर त्याले तिनं तिकिटं काढायले पाठवलं. आणि सांगायचं म्हणजे त्या दिवशी सुगतनं आयुष्यात पहिल्यांदा विषय मार्गी लावला. खालची बर्थ मिळाली.

वरठीले गाडीत बसल्यावर डब्यात वास सुटला. मी पिशवी उघडून पाहिली, तर आत गोसीखुर्दच्या पाण्यातली सुकवलेली मासोळी, चांगली दोन किलो. बंदराच्या गावाले, समुद्राच्या काठाले माय मासोळी घेऊन निघाली होती. मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणली, "तिथली खारी राहते. आनंदाले आपली आवडते." समोरचा प्रवासी उठून दुसऱ्या डब्यात गेला, आम्हाले पाय पसरायले जागा झाली.

रस्ताभर मी मायच्या छातीकडं पाहत होती. झोपली तरी हात लावून पाहे, श्वास चालू आहे ना. माझ्या बॅगेत गोळ्या, रिपोर्ट, तीन गावांच्या दवाखान्यांचे नंबर. मले खूप भीती वाटत होती, खोटं कायले बोलू. मनात एकच, पोचू दे. भेटीच्या आधी काही झालं तर मी या सात महिन्यांसाठी स्वतःले माफ करणार नव्हती.

कटकले उतरून गाडी केली. कैलाशचं घर खालच्या मजल्यावर. दार उघडंच होतं, आणि दारात खुर्ची टाकून मावशी बसली होती, पुढं वॉकर. किती लहान झाली होती ती. माय गाडीतून उतरली, माझा हात झिडकारला, काठी टेकत दारापर्यंत गेली आणि उंबरठ्याच्या बाहेर थांबली. मले वाटलं आता दोघी गळ्यात पडतील. कोणी पडलं नाही.

माय म्हणली, "आनंदाबाई, आमच्या घरी कार्यक्रम हाय. तुम्ही याचं." अकरा वर्षांनी बहीण दिसली, आणि तिले अहोजाहो.

मावशीनं विचारलं, "एका माणसाचं, का चूलबंद?"

"चूलबंद."

"कोणकोणत्या घरी देल्लं?"

मायनं चौदाही घरं सांगितली. एकेक नाव घेतलं, मध्ये दम घेतला, पुन्हा घेतलं. मावशी प्रत्येक नावाले मान हलवे. जुनं भांडण असलेल्या ताराचंदचं नाव आलं तेव्हा म्हणली, "त्यालेबी देल्लं? बरं केलं." मी मागं उभी, हातात मासोळीची पिशवी, आणि घरं मोजून राहिली, की ही बाई अजून किती वेळ उन्हात उभी राहीन. चौदावं घर झालं.

"घेतलं आवतन," मावशी म्हणली. "आता आत ये वो बाई, मेली उभी राहून."

तेव्हा मग दोघी रडल्या. मीही रडली. कैलाशची बायको ओडिशाची, तिले मराठी येत नाही, तीही रडली.

चार दिवस राहिलो. माय मावशीच्या खाटेवर, मावशी मायच्या मांडीले पाय लावून. दोघी समोरासमोर असूनही फोनवर बोलतात तशाच एकाच वेळी बोलत. मासोळी शिजली, शेजारच्या तीन घरांनी खिडक्या लावून घेतल्या. मायचा चेहरा असा खुलला की मले वाटलं, डॉक्टर चुकले. मग तिले गच्चीच्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना पाहिलं, आणि कळलं, नाही चुकले.

चौथ्या दिवशी मी मनाशी ठरवलं. भेट झाली. ज्याच्यासाठी एवढं मांडलं होतं ते झालं. आता ब्याण्णव माणसं, तंबू, बोटी, हे कायले? मायले पुन्हा एवढा प्रवास नको. मावशी वॉकरवर, तिले बोटीत कोण चढवते? फेब्रुवारीपर्यंत दोघींपैकी एकीचं काही झालं तर मी लोकांना काय सांगू? लायनीतल्या लोकांचे पाय धरीन, चौदा घरी जाऊन माफी मागीन. हे मी मावशीच्या कानाशी तोंड नेऊन बोलली. माय खिडकीपाशी तांदूळ निवडत होती, तिले ऐकू जाणार नाही असं मले वाटलं.

"मावशी, भेट तर झाली ना वो. आता फेब्रुवारीचं राहू देऊ का?"

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या मायनं मले आवतन देल्लं?"

"देल्लं."

"मी घेतलं?"

"घेतलं."

"मग आता राहू कसं देतं? मले इथल्याही डॉक्टरनं सांगितलं हाय काय सांगाचं ते. मी कैलाशले बोलली नाई." ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की मले समजायले वेळ लागला. "पण आवतन घेऊन न येणारी बाई मी नाई. फेब्रुवारीलोक मले राहावंच लागते. आणि देणारीनं दारात उभं नाई राहाचं, असं कुठी राहते का? तिलेबी राहावं लागते."

खिडकीपाशून माय म्हणली, "राहतो ना."

मी फोनमधलं कॅलेंडर उघडलं.

"तारीख सांग," मावशी म्हणली. "पक्की. फेब्रुवारीत असं नको सांगू. दिवस सांग."

सात महिन्यांत मी चार तारखा सांगितल्या होत्या आणि चारही पुसल्या होत्या. "आठ फेब्रुवारी. सात तारखेले रमाई जयंती, तीही इथंच तुझ्या दारात करू, सगळे मिळून, आणि रात्री गेस्टहाऊसवर जाऊ. आठले बोट."

"बोट किती वाजता?"

"सकाळी दहा."

मायनं तांदळाचं सूप बाजूले ठेवलं. "आनंदा, मग आपण नऊले तयार राहू."

"नऊले कायले? साडेआठले," मावशी म्हणली. "तुले लुगडं नेसाले उशीर लागते."